लक्ष्मी स्कॅनरवर

पुण्यात कर्वे पुतळ्यावरून वारज्याकडे निघालं की कर्वेनगरात झेरॉक्स, फ्लेक्स आणि डिजिटल प्रिंटिंगची दुकानं लागतात. एरवी त्यांचं पोट चालतं ते कॉलेजच्या प्रोजेक्टांच्या स्पायरल बाइंडिंगवर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आणि लग्नपत्रिकांवर. दिवाळीच्या तोंडावर मात्र अशा काउंटरवर कधी कधी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, काच तडकलेली जुनी तसबीर येऊन पडते. आजीच्या माहेरची लक्ष्मी. कमळावर उभी, बाजूला हार घेऊन आलेला हत्ती. खालचा कोपरा वाळवीनं खाल्लेला, कपाळावर कुंकवाचे थर, उदबत्तीच्या धुरानं आभाळ तपकिरी. मागणी ठरलेली असते: नवी करून द्या, आणि जरा मोठी.

नवी म्हणजे कधीसारखी? सगळं काम या एका प्रश्नावर अडतं, आणि बहुतेक जण तो न विचारताच माऊस हातात घेतात.

अशा तसबिरींतली लक्ष्मी बहुधा राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली किंवा तिच्यावरून दुसऱ्या कोणी काढलेली असते. रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात जर्मन यंत्रं आणून छापखाना काढला. ‘शकुंतला जन्म’ हे तिथलं पहिलं चित्र मानतात. पुढे प्लेगच्या दिवसांत छापखाना मुंबईतून लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला आणि १९७२ मध्ये आगीत गेला. खुद्द पुणं या धंद्यात त्याच्याही आधी उतरलं होतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा काढली ती १८७८ मध्ये, म्हणजे ‘केसरी’ निघण्याच्या तीन वर्षं आधी. रामपंचायतन, पेशवाईतली माणसं, पुराणातले प्रसंग तिथे रंगीत छापले जात. त्यातली बरीच चित्रं आज पुण्यापेक्षा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अधिक सहज बघायला मिळतात, हे आपल्याला फारसं भूषणावह नाही.

ही चित्रं छापली जात दगडावरून. बव्हेरियातून आणलेल्या गुळगुळीत चुनखडीच्या लाद्यांवर कारागीर तेलकट शाईनं चित्र काढत. प्रत्येक रंगाला वेगळी लादी, त्यामुळे एका चित्राला दहा-बारा किंवा त्याहूनही जास्त लाद्या लागत. लक्ष्मीच्या गालावरची छटा हवी तर गुलाबी लादीवर हातानं बारीक ठिपके टाकायचे, कुठे दाट, कुठे विरळ. मग एकाच कागदावर एकामागून एक लाद्या जुळवून छापायच्या. शेवटी वॉर्निश आणि कधी वर कॅनव्हासच्या पोताचा दाब, म्हणजे तैलचित्राचा भास होई. याच प्रकाराला ऑलिओग्राफ म्हणत.

भिंगाखाली पाहिलं तर हे ठिपके ओळखू येतात. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके रांगेत, ठरावीक कोनात असतात. दगडावरचे ठिपके वेडेवाकडे असतात, कारण ते माणसाच्या हातचे आहेत. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीस्क्रीन’ नावाचा एक पर्याय असतो. मासिकातला फोटो स्कॅन करताना तो हवाच, नाहीतर मोआरेच्या जाळ्या उमटतात. दगडावरून छापलेल्या चित्रावर, म्हणजे लिथोग्राफवर, मात्र त्याच खुणेनं गालावरचे सगळे ठिपके पुसट होतात आणि लक्ष्मी प्लास्टिकची दिसायला लागते. दुकानात सवयीनं हीच टिक केलेली असते.

आकड्यांचा हिशेब करून पाहावा. वीस बाय चौदा इंचांचं चित्र ६०० डीपीआयला स्कॅन केलं तर १२,००० बाय ८,४०० पिक्सेल होतात, म्हणजे दहा कोटींहून थोडे जास्त. १६ बिटची टिफ फाइल सुमारे ६०० एमबीची होते. एवढ्यावर दुप्पट आकाराची, चाळीस बाय अठ्ठावीसची प्रत ३०० डीपीआयनं आरामात निघते. अडचण फाइलच्या वजनाची नसून ए-फोर स्कॅनरच्या काचेची असते. चित्र तुकड्यातुकड्यांनी घेऊन जोडावं लागतं, आणि शंभर वर्षांचा कागद वाकवला की वॉर्निशला भेगा जातात. काचेला चिकटलेलं चित्र तर सोडवायचंच नाही. ते कॅमेऱ्यानं टिपायचं, दिव्यांवर आणि भिंगावर पोलराइजिंग फिल्टर आडवे-उभे लावून, म्हणजे काचेची चकाकी मरते.

मग रंग. ‘ऑटो कलर’चं बटण दाबलं की पिवळटपणा जातो, पण त्याच्याबरोबर पितांबराचा पिवळाही जातो. इथे एक साधी युक्ती कामी येते. तसबीर उघडली की चौकटीखाली दबलेली बोटभर कड सापडते. तिथे ऊन पोचलेलं नसतं, धूरही कमीच. ती कड आणि मधला भाग शेजारी ठेवून रंग किती उडालाय ते मोजता येतं. बहुधा गुलाबी आणि लाल छटा आधी उडालेल्या असतात, आणि वॉर्निश पिवळं पडल्यानं निळं आभाळ हिरवट झालेलं असतं. इंटरनेटवरून रविवर्म्याचं मूळ तैलचित्र शोधून त्याचे रंग या प्रिंटवर चढवणं हा मात्र घोटाळा आहे. प्रिंटचे रंग रविवर्म्यानं लावलेले नव्हतेच. ते लाद्यांवर काम करणाऱ्या, बहुतांशी निनावी राहिलेल्या कारागिरांनी ठरवलेले होते.

वाळवीनं खाल्लेल्या कोपऱ्यालाही उत्तर आहे. त्याच लाद्यांवरून हजारो प्रती निघाल्या, तेव्हा एका प्रतीत गेलेला भाग दुसरीत शाबूत असतो. लंडनच्या वेलकम कलेक्शननं रविवर्म्याच्या छापखान्याची चित्रं मोठ्या आकारात सर्वांना खुली केली आहेत. मात्र उसनवारी करण्यापूर्वी चित्राखालची बारीक अक्षरांची ओळ वाचावी. तिथे छापखान्याचं नाव आणि गाव असतं, मुंबई किंवा कार्ला-लोणावळा. लोकप्रिय चित्रांच्या लाद्या पुन्हापुन्हा नव्यानं काढल्या जात, त्यामुळे दोन आवृत्त्यांतला हत्ती एकाच मापाचा असेलच असं नाही. आणि नव्या फ्रेममध्ये बसत नाही म्हणून सर्वात आधी कापली जाते ती हीच ओळ!

हल्ली यात एआय आलंय. फाटकं चित्र टाका, मिनिटात चकचकीत प्रत घ्या. डाग पुसायला, भेगा शोधायला ते खरोखरच उपयोगी आहे. पण मोठं करताना ते दिसत नसलेलं मनानं भरतं. नथीचे मोती वितळून एक चमकता गोळा होतो, बोटांची पेरं गुळगुळीत होतात, चेहरा जाहिरातीतल्या मुलीचा होतो. दगडावर ज्यानं आठवडेच्या आठवडे ठिपके टाकले त्याचा हात त्यात उरत नाही, आणि असल्या प्रतीखाली रविवर्म्याचं नाव छापणं ही सरळ फसवणूक आहे.

राहिला कुंकवाचा डाग. संग्रहालयवाला तो ठेवील, छापणारा पुसेल, आणि घरातली म्हातारी माणसं तो डाग आहे हेच मान्य करणार नाहीत. व्यवहारी उत्तर असं की मूळ स्कॅन जसाच्या तसा वेगळा जपावा आणि सफाई वेगळ्या लेअरवर करावी. देवघरासाठी एक प्रत, भिंतीसाठी दुसरी.

हक्कांचा प्रश्न त्या मानानं सोपा. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांचं काम २००५ पासून खुलं आहे. किंकेड या इंग्रज लेखकाच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या १९१४ च्या पुस्तकात आपल्या श्रावणातल्या कहाण्यांना धुरंधरांनी काढलेली रंगीत चित्रं आहेत, आणि एखाद्या मराठी प्रकाशकानं ती नीट स्कॅन करून मूळ कहाण्यांसोबत छापायला कोणाचीही आडकाठी नाही. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९५१ मध्ये गेले, त्यांचं ‘चित्ररामायण’ही मोकळं आहे.

स्वच्छ केलेल्या प्रतीवर नवा हक्क सांगता येतो का? मोडक यांच्या विरोधातल्या ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये म्हटलं की नुसते कष्ट आणि पैसा ओतल्यानं कॉपीराइट मिळत नाही, कौशल्य, निवड आणि थोडी तरी सर्जकता दिसावी लागते. तो वाद न्यायनिवाड्यांच्या प्रकाशनाचा होता, चित्रांचा नव्हता. तरी डाग पुसलेल्या लक्ष्मीवर स्वतःचा शिक्का मारणाऱ्यांनी तो वाचावा.

दिवाळी अंकांच्या वाचकाचा जीव अडकलाय तो मात्र दीनानाथ दलालांच्या आणि रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांत. दलाल १९७१ मध्ये गेले, मुळगावकर १९७६ मध्ये. म्हणजे २०३१ आणि २०३६ अखेरपर्यंत ती छापून विकायची तर हक्कदारांची परवानगी लागणार. शिवाय ती चित्रं हाफटोन ब्लॉकवरून, म्हणजे रांगेतल्या ठिपक्यांनी, स्वस्त कागदावर छापलेली. तिथे डीस्क्रीनची टिक करावीच लागेल, आणि तो कागद दर वर्षी आणखी पिवळा पडतो आहे.