आपलं ‘बेस’ चाललंय!

चार तारा, एक ड्रमर आणि ठरलेला शनिवार. बाकी सगळा ईएमआय! एका बेसिस्टची काही ठाम मतं...

‘अप्रेझल झालंय. बेस घ्यायचाय. कुठला घेऊ?’

एप्रिल-मे आला की हा मेसेज हमखास येतो. पाठवणारा कधी ऑफिसमधला ज्युनिअर असतो, कधी मित्राचा मित्र. कॉलेजात बॅण्ड होता, मग नोकरी लागली, एक जण बंगळुरूला गेला, एकाचं लग्न झालं आणि बॅण्डची वाट लागली. आता चार पैसे हातात खेळायला लागल्यावर जुनी खाज पुन्हा उठलेली असते. माझं उत्तर ठरलेलं आहे : ‘आधी सांग, ड्रमर कोण आहे?’ समोरच्याला वाटतं, हा विषय बदलतोय. नाही हो, विषय तोच आहे!

मी गेली अठरा वर्षं बेस वाजवतोय. सोमवार ते शुक्रवार ऐरोलीत ऑफिस, शनिवारी संध्याकाळी अंधेरीत जॅमरूम. आमच्या बॅण्डचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही आणि त्यात तुमची काही चूक नाही. पण एवढ्या वर्षांत वाद्यं, तारा, अ‍ॅम्प आणि एकूणच रॉकबद्दल माझी काही मतं पक्की झालीत. पटली तर घ्या.

म्हणजे गिटारच ना?

ट्रेनमध्ये, लिफ्टमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये... पाठीवरची लांबलचक बॅग बघून सगळे हेच विचारतात. तर मंडळी, नाही. गिटारच्या चार जाड तारांचेच स्वर इथे असतात, ई-ए-डी-जी, पण एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. पूर्वी हे काम माणसापेक्षा उंच अशा डबल बेसचं होतं. तो आडवा धरता येत नाही, गाडीत मावत नाही आणि ड्रम्स जोरात वाजले की ऐकू येत नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाच्या माणसाने त्यावर तोडगा काढला. हा मूळचा रेडिओ रिपेअरवाला, स्वत: गिटार कधीच शिकला नाही! त्याने खांद्याला अडकवता येईल असा इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला आणि त्यावर सतारीला पडदे असतात तसे फ्रेट बसवले. बोट ठेवलं की सूर नेमका लागणार, म्हणून नाव ‘प्रिसिजन बेस’. विजेवरचे बेस त्याआधीही कोणी कोणी बनवले होते, पण जगभर पसरला तो हा.

आपल्या भाषेत सांगायचं तर बेसिस्ट अर्धं काम तबल्याचं करतो आणि अर्धं तानपुऱ्याचं. एकीकडे ड्रमरच्या पायाखालच्या किक ड्रमला धरून चालायचं, दुसरीकडे सगळ्यांना सुराची जमीन द्यायची. आणि ही जमीन हलवायची पॉवरही त्याच्याकडेच! गिटारवाला ‘सी मेजर’ वाजवत असताना मी खाली ‘सी’ऐवजी ‘ए’ वाजवला, तर तीच कॉर्ड ‘ए मायनर सेव्हन’ होते. हसरं गाणं एकदम विचारात पडतं. गिटारवाल्याने बोट हललंही नसतं आणि लोक टाळ्या त्यालाच देतात. चालायचंच.

नसला की कळतो

बेस ऐकू येत नाही, अशी तक्रार असते. अर्धी तक्रार तुमच्या फोनची आहे. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला ४१ हर्ट्झ झेपतच नाही. मात्र त्याच स्वराचे ८२, १२३ असे वरचे अंश थोडेफार पोचतात आणि मेंदू त्यावरून खालचा स्वर मनानेच भरून काढतो. म्हणजे फोनवर तुम्ही ऐकता तो बेस बराचसा तुमच्या डोक्यात वाजत असतो. भन्नाट आहे ना?

बेस खरंच काढून टाकला तर काय होतं, हे ऐकायचं असेल तर मेटॅलिकाचा १९८८चा ‘...अ‍ॅण्ड जस्टिस फॉर ऑल’ लावा. क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बेस या अल्बमच्या मिक्समध्ये इतका खाली दाबलाय की तो शोधावा लागतो. गाणी एक नंबर आहेत, पण माझ्या मते सगळा अल्बम मीठ विसरलेल्या आमटीसारखा लागतो. ड्रम्स आहेत, गिटार आहेत, मध्ये मोठ्ठी पोकळी.

याउलट प्रिन्सने १९८४ साली ‘व्हेन डव्ह्ज क्राय’मधून बेस मुद्दाम काढून टाकला आणि ते गाणं अमेरिकेत नंबर वन झालं. ती रिकामी जागाच त्या गाण्याचा आवाज आहे. आणि २००३चं ‘सेव्हन नेशन आर्मी’? फुटबॉलच्या स्टेडियममध्ये हजारो लोक जी ‘बेसलाइन’ कोरसमध्ये गातात, ती बेसवर वाजवलेलीच नाही! व्हाइट स्ट्राइप्समध्ये दोनच माणसं, बेसिस्ट नाहीच. जॅक व्हाइटने गिटारचा स्वर पेडलने एक सप्तक खाली नेला होता. मी हे मनाला लावून घेत नाही. खालच्या स्वराशिवाय त्यांचंही भागलं नाही, एवढं पुरे.

टशन विरुद्ध टोन

आता गिअर. इथे माझे मित्र माझ्याशी भांडतात, तरी सांगतो.

मत पहिलं : लाकडावर फार चर्चा करू नका. इलेक्ट्रिक बेसचा पिकअप म्हणजे चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी. त्याला कळतं ते तारेचं थरथरणं. लाकडाचा फरक पडत नाही असं मी म्हणत नाही, पण ड्रम्स सुरू झाल्यावर तो कोणाच्या कानाला लागतो, ते मला अजून दिसायचंय. बाकी अभिमान बाळगायचा तर आपल्या शिसवीचा बाळगा. आजीच्या कपाटाचं लाकूड जगभरातल्या गिटारच्या मानेवर बसलंय. २०१७ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांची धावपळ झाली होती. २०१९मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मत दुसरं : सेटअप आधी, ब्रॅण्ड नंतर. मुंबईच्या जुलैमध्ये बेसची मान हवेतला ओलावा पिऊन वाकते, तारा पडद्यांवर खडखडतात किंवा इतक्या वर उचलल्या जातात की बोटं सोलून निघतात. मानेच्या आत लोखंडाचा एक रॉड असतो, तो पाव फेरा इकडे किंवा तिकडे फिरवला की वाद्य पुन्हा माणसात येतं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, हे चांगल्या माणसाकडून करून घ्या. वीस-पंचवीस हजारांचा नीट लावलेला बेस हा न लावलेल्या दीड लाखाच्या बेसपेक्षा केव्हाही सरस.

मत तिसरं : मोठ्या अ‍ॅम्पचा मोह सोडा. १९६९ साली आलेला अ‍ॅम्पेगचा ‘एसव्हीटी’, ३०० वॅट आणि दहा इंची आठ स्पीकरचं कपाट, ही रॉकमधली देवाची मूर्ती आहे हे कबूल. पण ते कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवणार कोण? आता कार्यक्रमात बहुतेक वेळा बेसची वायर ‘डीआय’ नावाच्या छोट्या डबीतून थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जाते. समोरच्या पब्लिकला तुमचा अ‍ॅम्प ऐकूच जात नाही! त्यामुळे साउंडवाल्याला चहा विचारा. तो सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक इफेक्ट आहे.

मत चौथं : पिकने वाजवणं म्हणजे चीटिंग नाही. पॉल मॅकार्टनी, कॅरल के, लेमी... यादी वाचा आणि गप्प बसा.

आणि या सगळ्यावर माझा एकच पुरावा : जेम्स जेमरसन. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची एकामागून एक हिट गाणी या माणसाच्या बेसवर उभी राहिली. मुख्य वाद्य एक, १९६२चा प्रिसिजन. तारा जाड, सपाट, तुटल्याशिवाय सहसा न बदललेल्या. उजव्या हाताचं बोटही एकच, तर्जनी! मोटाउनच्या तेव्हाच्या रेकॉर्डवर साथीदारांची नावं छापत नसत. त्याचं नाव आलं ते १९७१ साली, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. तोवर जग त्याच्या बोटावर नाचत होतं आणि त्याला ओळखत नव्हतं. आपल्याकडेही वेगळं काय होतं? पंचमदांची गाणी आपल्याला तोंडपाठ असतात, पण त्यात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ किती जणांना माहीत आहेत? आज मुंबईची मोहिनी डे हे नाव जगभर घेतलं जातं, तेव्हा म्हणूनच मला जास्त आनंद होतो.

कान एकदाच मिळतात

हे मात्र मजेत घेऊ नका. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पण त्यापुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते, असं अमेरिकेतली ‘नायॉश’ ही कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था सांगते. हिशोब केला तर १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! बंद जॅमरूममध्ये झांजांच्या शेजारी उभं राहिलं तर शंभरी सहज गाठली जाते. ‘द हू’चा पीट टाउनशेंड कानात सतत वाजणाऱ्या शिटीबद्दल जाहीरपणे बोलत आलाय. म्युझिशियन्ससाठी मिळणारे इअरप्लग आवाज कमी करतात, सूर बिघडवत नाहीत. पेडल नंतर घ्या, हे आधी घ्या.

हिशोबाची वही

आता ‘ड्रमर कोण?’ या प्रश्नाकडे. आमच्या जॅमरूमचे तासाला ६०० रुपये. आठवड्याला दोन तास, चौघांत वाटले की माणशी ३००. वर्षाचे पन्नास शनिवार धरले तर १५ हजार. पंचवीस हजारांचा बेस आणि पावणेदोन लाखांचा बेस यांच्यातला फरक दीड लाख. म्हणजे दहा वर्षांचे शनिवार! मी हा हिशोब एक्सेलमध्ये मांडून लोकांना पाठवतो. काही जण राग मानतात. पण ज्यांचे महागडे बेस कपाटावर धूळ खात पडलेत, त्यांतल्या कोणालाही वाद्य कमी पडलं नव्हतं. त्यांना शनिवार कमी पडला होता.

आमचा ड्रमर सीए आहे. मार्च महिन्यात आणि रिटर्न भरायच्या दिवसांत तो गायब असतो, तेव्हा आम्ही तिघं मेट्रोनोम लावून बसतो. गिटारवाल्याला दोन वर्षांची मुलगी आहे, म्हणून वेळ सातची साडेपाच केली. गाणारी मैत्रीण नाइट शिफ्टला होती त्या वर्षी आम्ही रविवारी सकाळी आठला रॉक वाजवलं. डोळे चोळत! बॅण्ड टिकला तो या तडजोडींवर. दिवसभर कॉलवर ‘अ‍ॅम आय ऑडिबल?’ विचारणाऱ्या चार माणसांना आठवड्यातले दोन तास एकमेकांचं ऐकावंच लागतं, नाहीतर गाणं कोसळतं. तिशीनंतर अशी जागा सहज मिळत नाही, आणि एकदा गेली की ऑनलाइन मागवता येत नाही.

रॉक मेलाय, असं दर पाच वर्षांनी कोणीतरी जाहीर करतं. १९८६ साली धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेण्डन्स रॉक’ सुरू झाला. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात येतो म्हणून तिथला आवाज बंद पडला. २००७ साली आयर्न मेडन बंगळुरूत वाजवून गेले आणि त्या बॅण्डचा संस्थापक, मुख्य गीतकार स्टीव्ह हॅरिस बेस वाजवतो, हे आपल्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलं. मैदानं येतात, जातात. रॉक तग धरतो तो तासावर भाड्याने मिळणाऱ्या, एसी न चालणाऱ्या खोल्यांमध्ये. त्या खोल्यांचं भाडं कोणीतरी भरत राहिलं पाहिजे.

तुम्हाला बेस वाजवायचा नसेल तरी एक करा. आज घरी जाताना बरे हेडफोन लावा आणि तुमचं तोंडपाठ गाणं निवडा. शब्द सोडा, गिटार सोडा, फक्त तळाशी चालणारा तो जाड आवाज पकडा आणि शेवटपर्यंत सोडू नका. दुसऱ्या कडव्यात तो नक्की काहीतरी असं करेल, जे तुम्ही इतक्या वर्षांत ऐकलंच नव्हतं.