लाकडाचं ऐकणारी चकती : युकुलेलेला पिकअप कसा लावावा?



अलीकडे युकुलेले हे छोटं वाद्य आपल्याकडच्या घरांतही दिसू लागलं आहे. चारच तारा, त्याही नायलॉनच्या, म्हणून लहान मुलांची बोटं कापत नाहीत. दप्तराशेजारी सहज मावतं. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून कामगारांचं एक जहाज हवाई बेटांवर होनोलुलूला पोहोचलं. त्या लोकांच्या छोट्या गिटारीसारख्या वाद्यापासून पुढे हे घडलं.

याची एकच अडचण : आवाज लहान. वर्गात गोड वाटतं, पण परिपाठाला मैदानात दोनशे मुलांसमोर, शेजारून ट्रॅक्टर जात असताना, तिसऱ्या रांगेपलीकडे काही ऐकू जात नाही. मग वाजवणारं मूल काय करतं? जोरात ओरबाडतं. हात आखडतो, सूर बिघडतो. शेवटी आपण मोबाईलवर गाणं लावतो आणि ते मूल नुसता हात हलवत उभं राहतं. हे टाळायचं असेल तर वाद्याला पिकअप लावणं हा स्वस्त आणि सोपा उपाय आहे. शिवाय यातून ध्वनी आणि विद्युत या दोन्ही पाठांचा सुरेख उपक्रम होतो.

माईक आणि पिकअप : फरक काय?

माईक हवेचं ऐकतो. म्हणून त्यात वाद्याबरोबर वारा, शेजारच्या मुलाचा खोकला आणि रस्त्यावरचा हॉर्नही येतो. पिकअप वाद्याला चिकटलेला असतो, तो लाकडाचं ऐकतो. तार छेडली की कंपन घोडीतून (ब्रिजमधून) पुढच्या फळीत उतरतं. सतारीत या फळीला तबली म्हणतात. ही तबली थरथरते तेव्हा तिच्यावरचा पिकअप ती थरथर विजेत बदलतो.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये चुंबकाचा पिकअप असतो. लोखंडी तार चुंबकाजवळ हलली की गुंडाळीत वीज निर्माण होते. दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठातलं फॅरेडेचं तत्त्व ते हेच. पण नायलॉनवर चुंबकाचा काही परिणाम होत नाही. त्यामुळे तो पिकअप युकुलेलेला चालणार नाही. इथे लागते पिझो चकती.

स्वयंपाकघरातलं उदाहरण

मुलांना ‘पिझो’ हा शब्द सांगण्याआधी गॅसचा लायटर दाखवा. त्यात ना बॅटरी, ना पेट्रोल, तरी ठिणगी कुठून येते? आतल्या स्फटिकावर छोटी हातोडी आदळते, स्फटिक दाबला जातो आणि हजारो व्होल्टची ठिणगी उडते. दाब दिला की वीज देणारे असे पदार्थ म्हणजे पिझोइलेक्ट्रिक पदार्थ. १८८० साली जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी हा गुणधर्म दाखवला. पिएर म्हणजे मेरी क्यूरींचे पती. पुढे किरणोत्सारी पदार्थ मोजताना मेरी क्यूरींनी याच गुणधर्मावर चालणारं क्वार्ट्झचं उपकरण वापरलं.

उलटही घडतं. चकतीला बदलती वीज दिली की ती हलते आणि आवाज करते. वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात किंवा गजराच्या घड्याळात पितळी बशीसारखी जी चकती असते, ती हीच.

साहित्य

• २७ मिलिमीटरची पिझो चकती, शक्यतो वायर जोडलेली (रेडिओ-मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते, किंमत अगदी किरकोळ)
• जाळीचं आवरण असलेली ऑडिओ वायर, दीड-दोन मीटर
• गिटारच्या वायरला असते तशी जाड पिन (६.३५ मिलिमीटर)
• दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, कात्री, इन्सुलेशन टेप
• सोल्डरिंगचं सामान
• चार्जिंगवर चालणारा स्पीकर

कृती

१. चकतीचा मधला पांढरा भाग सिरॅमिकचा आणि कडा पितळेची असते. पांढऱ्या भागाची वायर पिनच्या टोकाला आणि पितळेची वायर पिनच्या अंगाला जोडा. उलट जोडलं तर गुणगुण, म्हणजे ‘हम’, वाढते.

२. डाग मोठ्यांनीच द्यावा, खिडकी उघडी ठेवून. सिरॅमिकवर इस्त्री एक-दोन सेकंदच टेकवा. जास्त तापलं तर वरचा थर निघतो. नंतर हात धुवा.

३. उघडा भाग इन्सुलेशन टेपने झाका. चकती वाकवू नका, सिरॅमिक तडकतं.

४. लगेच गोंद लावू नका. आधी टेपने चकती बाहेरून, घोडीजवळ तबलीवर चिकटवा.

५. स्पीकरचा आवाज शून्यावर ठेवून पिन लावा, मग हळूहळू वाढवा. चकतीवर टिचकी मारली तर मोठा धक्का स्पीकरला बसतो, म्हणून हा क्रम पाळा.

खरा पाठ इथे सुरू होतो : चकती कुठे लावायची?

उत्तर आपण सांगू नये. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग तीन जागा तपासा : घोडीला लागून, तबलीच्या रुंद भागाच्या कडेला आणि मानेजवळ. प्रत्येक ठिकाणी तीच तार, त्याच जोराने. एकाने डोळे मिटून फक्त ऐकायचं. साधारणपणे घोडीजवळ आवाज मोठा आणि स्पष्ट येतो, मानेजवळ बारीक. पण दोन वाद्यं सारखी नसतात, तुमच्या वाद्याचं उत्तर तुमचे कानच देतील.

आणखी दोन प्रयोग करा. चकतीजवळ टाळी वाजवा : जवळजवळ काहीच येत नाही. मग लाकडावर बोट टेकवा : ‘धप्प’! माईक आणि पिकअप यांतला फरक मुलांना आता समजावून सांगावा लागत नाही.

आवाज पत्र्यासारखा का येतो?

हा प्रश्न हमखास येतो. दोष चकतीचा नसतो, जोडणीचा असतो. पिझो चकती एका छोट्या कपॅसिटरसारखी वागते. २७ मिलिमीटरच्या चकतीची धारकता साधारण २० नॅनोफॅरड धरू. स्पीकरच्या इनपुटचा रोध १० हजार ओहम असेल, तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचे स्वर कमजोर होत जातात. युकुलेलेच्या मोकळ्या तारा २६२ ते ४४० हर्ट्झच्या आहेत! म्हणजे मूळ स्वरच पातळ होतो आणि वरची किरकिर उरते. हाच रोध १० लाख ओहम असेल तर ही सीमा ८ हर्ट्झवर येते आणि पूर्ण आवाज मिळतो.

म्हणून स्पीकरवर ‘गिटार’ किंवा ‘इन्स्ट्रुमेंट’ लिहिलेलं इनपुट असेल तर तेच वापरा. नसेल तर मध्ये नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचा छोटा प्रीॲम्प लावा. दहावीच्या मुलांना हे गणित फळ्यावर करून दाखवा.

स्पीकर ‘कुईं’ करू लागला तर तो वाद्याच्या पाठीमागे नाही, पुढे ठेवा. आवाज थोडा कमी करा.

कायमचं बसवायचं असेल तर

जागा ठरली की चकती तबलीच्या आतल्या बाजूने, त्याच जागेखाली लावता येते. तारा सैल करा. गोल भोकातून दोन-तीन बोटंच जातात, म्हणून चकती काडीच्या टोकावर अलगद टेकवून आत न्या. वायर आत लोंबकळू देऊ नका, खडखड ऐकू येते. जॅकसाठी भोक पाडायचं की नाही, हे वाद्य ज्यांचं आहे त्या पालकांना विचारून ठरवा. बाहेरून टेपने लावलेली चकती शाळेपुरती पुरेशी असते.

बाजारात घोडीच्या हाडाखाली बसणारी पट्टीही मिळते. तिचा आवाज समतोल असतो. पण हाड नेमकं घासावं लागतं, नाहीतर एक तार मोठी आणि दुसरी लहान वाजते. तंबोऱ्याची जवारी लावण्यासारखंच हे सरावलेल्या हाताचं काम आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते अशाच हातांमुळे. महागड्या वाद्यावर घरी प्रयोग नको.

सुरक्षितता

मैदानात, पावसाळ्यात किंवा ओल्या फरशीवर फक्त बॅटरीचा स्पीकर वापरा. थेट विजेवर चालणारा ॲम्प्लिफायर असेल तर तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग तपासल्याशिवाय मुलाच्या हातात वाद्य देऊ नका. मुलाच्या अंगाशी असलेल्या धातूपर्यंत ही वायर जाते, हे विसरू नका.

युकुलेले नसेल तर?

आमच्या हट्ट्यासारख्या गावात युकुलेले एखाद्याच घरी असेल, पण एकतारी शोधावी लागत नाही. संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी नामदेव आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. सप्ताहात वीणा अहोरात्र खाली ठेवली जात नाही, पहारे बदलतात. पण टाळ-मृदंगाच्या गजरात तिचा झंकार वीणेकऱ्यालाच काय तो ऐकू येतो. हीच चकती टेपने एकतारीला लावा आणि वरचे सगळे प्रयोग करा. सप्ताहातल्या वीणेला मात्र हात लावण्याआधी वडीलधाऱ्यांची परवानगी घ्या, तो श्रद्धेचा विषय आहे.

पिकअपने मूल चांगलं वाजवायला लागत नाही, ते रियाजानेच होतं. पण हळू वाजवलेलंही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतं हे कळलं की ओरबाडणं थांबतं आणि मूल स्वतःचं वाजवणं ऐकू लागतं. येत्या शनिवारी एक चकती आणून बघा. मुलांचे अंदाज आणि निकाल वहीत लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षीच्या वर्गालाही ते ताडून बघता येतील.