अहवाल ताजा होण्यास वेळ कां लागतो?

सकाळचे साडेआठ वाजले आहेत. औषधांच्या एका घाऊक पेढीचे खरेदी-अधिकारी संगणकासमोर बसले आहेत. कोणत्या गांवच्या दुकानांत इन्शुलिन किती उरलें आहे तें पाहून नवाच्या आंत त्यांना मागणी नोंदवावयाची आहे. पडद्यावर रंगीत आलेख आहेत. पण कोपऱ्यांतील तारीख कालची. अहवाल ताजा होण्याचें काम पहाटे सुरू झालें, तें अजून चाललेंच आहे. शेवटीं कालच्या आंकड्यांवरच मागणी जाते. हें चित्र मीं कल्पनेनें रंगविलें आहे. परंतु आपल्या घरांतील जीं माणसें कचेरींत असले अहवाल पाहतात त्यांना विचाराल, तर त्यांत कल्पनेचा भाग थोडाच आहे असें तीं सांगतील.

श्रोतेहो, ही दिरंगाई कशामुळें होते व ती कमी कशी करावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय. उदाहरणासाठीं मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं सर्वांसाठीं खुलें केलेलें पॉवर बीआय हें साधन घेतों. मूळ माहिती धंद्याच्या कोठारांत, म्हणजे डेटाबेसमध्यें, असते. तिची एक नक्कल अहवालाच्या पोटांत दाबून भरलेली असते, व आलेख निघतात ते या नकलेवरून. ही नक्कल वरचेवर नवी करावी लागते. यालाच रिफ्रेश म्हणतात. साध्या, म्हणजे प्रो परवान्यावर तो दिवसांतून ८ वेळां नेमून ठेवतां येतो, आणि एका खेपेला २ तासांहून अधिक वेळ लागला तर काम अर्ध्यावरच तुटतें. म्हणजे उशीर वाढतां वाढतां एके दिवशीं अहवाल ताजा होईनासाच होतो.

अशा वेळीं पहिली सूचना येते ती मोठें यंत्र घेण्याची. मला ती घाईची वाटते. आपण वाहून काय आणतों, हें आधीं पाहावें. मुद्दाम निराळें सांगितलें नसेल, तर रिफ्रेश पहिल्या ओळीपासून सारें पुन्हां आणतो. दहा वर्षांपूर्वींचें, कधींही न बदलणारें बिल आज आणलें, उद्यां आणावयाचें, परवांही आणावयाचें! आपल्या पेढ्यांवरील जुने दिवाणजी असें करीत नसत. गेल्या सालच्या वह्या बांधून माळ्यावर जात. रोज लिहिली जाई ती चालू कीर्द.

हीच रीत पॉवर बीआयमध्यें इन्क्रीमेंटल रिफ्रेश या नांवानें आहे. प्रथम ती महागड्या प्रीमियम परवान्यापुरती होती. २०२० पासून प्रो परवानेवाल्यांनाही मिळाली. रेंजस्टार्ट व रेंजएंड अशा दोन सीमा ठरवून त्यांनीं कोष्टकाची छाटणी करावयाची, आणि मग सांगावयाचें कीं, दहा वर्षांची माहिती जपून ठेव, पण ताजे फक्त शेवटचे दहा दिवस कर. पहिली खेप लांबते, कारण तेव्हां सारा इतिहास आणावाच लागतो. पुढें दहा दिवसांचेंच ओझें.

मात्र या वाटेवर खड्डे आहेत. छाटतांना सुरुवातीची सीमा धरावी व शेवटची सोडावी. दोन्ही धरल्या, तर नेमक्या सीमेवरच्या वेळेचीं बिलें दोन विभागांत दोनदां मोजलीं जातात. विक्री फुगते, व ती फुगली हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. तसेंच, तीन आठवड्यांनीं परत आलेला माल जुन्याच तारखेच्या बिलांत दुरुस्त करण्याची वहिवाट असेल, तर दहा दिवसांची खिडकी ती दुरुस्ती पाहणार नाहीं. खिडकी किती रुंद असावी, हें संगणकतज्ज्ञानें नव्हे, हिशेबनिसानें सांगावें.

सर्वांत फसवा खड्डा याहून निराळाच. छाटणीचा हुकूम मूळ कोठारापर्यंत पोंचला पाहिजे. वाण्याकडे यादी धाडली तर तो दहा किलो तांदूळ मोजून देतो. यादी न धाडतां सारीं पोतीं घरीं आणलीं व अंगणांत बसून दहा किलो काढून घेतले, तर डब्यांत पडले दहा किलोच, पण हमाली साऱ्या पोत्यांची झाली. हुकूम असा कोठारापर्यंत पोंचण्याला क्वेरी फोल्डिंग म्हणतात. छाटणीच्या आधीं ओळींना क्रमांक देण्यासारखी पायरी घातली कीं ही सांखळी तुटूं शकते. आणि मूळ माहिती साध्या सीएसव्ही फाइलींत असेल, तर यादी वाचणारा वाणीच तेथें नसतो. मग प्रत्येक विभागासाठीं सारीं पोतीं पुन्हां वाहिलीं जातात, व केलेला उपायच अंगाशीं येतो. पॉवर क्वेरीमध्यें शेवटच्या पायरीवर माउसची उजवी कळ दाबावी. 'व्ह्यू नेटिव्ह क्वेरी' हा पर्याय वापरतां येत असेल तर हुकूम पोंचतो आहे, नसेल तर संशय घ्यावा.

ओझें ओळींचें असतें तसेंच रकान्यांचेंही असतें. नक्कल रकान्यारकान्यानें दाबली जाते. एकच मूल्य वारंवार आलें तर रकाना लहान होतो. प्रत्येक निराळें असेल तर दाबणार तरी काय? तारीख व सेकंदापर्यंतची वेळ एकाच रकान्यांत ठेवली, तर दहा वर्षांत सुमारें साडेएकतीस कोटि निराळीं मूल्यें संभवतात. त्याचे दोन रकाने केले, तर तारखा ३,६५० च्या आसपास आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. वेळ लागतच नसेल तर तो रकाना गाळावा हें उत्तम. पण पुढेंमागें उपयोगी पडेल म्हणून ठेवलेला रकाना घरांतल्या जुन्या किल्ल्यांसारखा असतो. कोणत्या कुलपाची, तें ठाऊक नाहीं, पण टाकवतही नाहीं.

मूळ कोठार कचेरींतल्याच यंत्रावर असेल, तर मध्यें गेटवे नांवाचा निरोप्या लागतो. तो कोणाच्या तरी टेबलावरील, रात्रीं बंद होणाऱ्या संगणकावर बसविलेला असला, तर वरील सर्व उपाय करूनही पहाटेचा रिफ्रेश व्हावयाचा नाहीं. आपल्या कचेरींत तो कोठें बसविला आहे, हें खरेदी-अधिकाऱ्यांनीं आज प्रथम विचारावें.