ओठावर फुटलेला ताप आणि सरफोजी राजांचा दवाखाना

तमिळनाडूत अंगावर ‘अक्की’ उठली की काही जण अजूनही आधी कुंभाराकडे जातात. कुंभार काव, म्हणजे आपला गेरू, पाण्यात कालवतो आणि फोडांवर लाल आकृत्या काढतो. याला तिथे ‘अक्की लिहिणे’ म्हणतात. अक्की म्हणजे बहुधा आपली नागीण. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही भीती महाराष्ट्रात आजही ऐकू येते. तिला काही आधार नाही. नागिणीचा विषाणू सहसा एका मज्जातंतूच्या पट्ट्यातच पसरतो आणि तो पट्टा शरीराच्या मध्यरेषेशी थांबतो. गेरू लावला, दोन-तीन आठवड्यांत फोड सुकले, तर श्रेय गेरूचे की दिवसांचे?

ओठाच्या कडेला येणाऱ्या बारीक पाणीदार फोडांबद्दलही मला हाच प्रश्न पडतो. आपण म्हणतो, ‘ताप फुटला’. प्रत्यक्षात ते नागिणीच्या विषाणूच्या भाऊबंदाचे, हर्पिस सिम्प्लेक्सचे काम असते. ताप हे फक्त निमित्त. (तोंडाच्या आत होणारे फोड, ज्याला आपण तोंड येणे म्हणतो, ते बहुतेक वेळा वेगळे असतात.) बऱ्याचदा लहानपणीच कुणाच्या तरी पाप्यातून हा विषाणू शिरतो, चेहऱ्याच्या मज्जातंतूवरून वर सरकतो आणि कवटीच्या तळाशी असलेल्या गाठीसारख्या पेशीपुंजात दडून बसतो. तिथून त्याला हुसकावणारे औषध आजही नाही. ताप, जागरण, मासिक पाळी, मनाचा ताण, कडक ऊन यांपैकी काहीही झाले की तो त्याच वाटेने ओठावर उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात याचा पहिला प्रकार आहे. तेव्हा यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही.

हे फोड साधारण सात ते दहा दिवसांत आपोआप बरे होतात. म्हणूनच तूप, हळद, कोरफड, मध, गेरू असे जे लावू ते गुणकारी वाटते. एका माणसाचा अनुभव कितीही प्रामाणिक असला तरी इथे निकाल देऊ शकत नाही. दोन गट लागतात, तुलना लागते आणि नोंद लागते.

नोंदीची ही शिस्त तंजावरला दोनशे वर्षांपूर्वी होती. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले दुसरे सरफोजी राजे भोसले यांनी धन्वंतरी महाल हा दवाखाना उभारला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक जाणणारे लोक एकत्र काम करत. वनस्पतींची चित्रे काढून ठेवली जात. अनुभवाला उतरलेले उपचार तमिळ पद्यात बांधले गेले आणि ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते सरस्वती महाल ग्रंथालयाने पुढे छापले. सरफोजींना विशेष ओढ डोळ्यांच्या आजारांची. रुग्णाला काय होत होते, काय दिले, पुढे काय झाले, हे डोळ्यांच्या चित्रांसह लिहून ठेवलेली त्यांच्या काळातली टिपणे आजही पाहायला मिळतात. तुलनेसाठी दुसरा गट ठेवण्याची रीत तेव्हा रूढ नव्हती. पण औषध कुठल्या परंपरेतले यापेक्षा रुग्णाचे काय झाले हे पाहावे, ही दृष्टी तिथे होती. मला तिचे मोल फार वाटते.

त्याच दृष्टीने ओठावरच्या फोडांसाठी घेतल्या जाणाऱ्या लायसिनच्या गोळीकडे पाहू. औषधाच्या दुकानात आणि इंटरनेटवर तिचा बोलबाला मोठा आहे. प्रयोगशाळेत दिसले होते की या विषाणूला वाढायला आर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल लागते आणि लायसिन हे दुसरे अमिनो आम्ल वाढवले की ती वाढ मंदावते. तर्क सुरेख आहे. त्यावरूनच शेंगदाणे बंद, नारळ बंद अशी पथ्ये निघाली. शेंगदाण्यात लायसिनच्या तिप्पट आर्जिनिन असते हे खरे, पण आर्जिनिन आपले शरीर स्वतःही बनवते. ताटातून काढले म्हणून ते पेशीतून जात नाही. माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल एका दिशेचे आले नाहीत, आणि अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात लायसिनमुळे फोड पुन्हा येणे टळते असा पुरावा मिळाला नाही. शिवाय शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत दीडएक ग्रॅम लायसिन असतेच. सांबार तंजावरच्या मराठ्यांनी शोधले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, भाताला लायसिनची जी उणीव असते ती सांबारातली डाळ भरून काढते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

मधाची गोष्ट जास्त रंजक आहे. न्यूझीलंडमध्ये ९५२ प्रौढांवर कानुका झाडाचा मध आणि अॅसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचे मलम यांची तुलना झाली, २०१९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. मलमाने त्वचा पूर्ववत व्हायला मध्यमानाने आठ दिवस, मधाने नऊ. फरक नगण्य ठरला. ‘मध औषधाइतकाच गुणकारी’ असे यावरून म्हणता येईल, पण त्या मलमाचाच फायदा जेमतेम अर्ध्या दिवसाचा असतो. शिवाय काहीच न लावलेला गट या चाचणीत नव्हता. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिक आम्लाने हा विषाणू रोखला, हे १९७९ मध्येच ‘नेचर’मध्ये आले होते, पण काचेच्या बशीतले यश ओठावर उतरेलच असे नाही. आणि ज्येष्ठमध फार खाल्ला तर रक्तदाब चढतो. चुना किंवा कच्चा लसूण फोडावर लावणे मात्र कटाक्षाने टाळा. त्याने कातडी भाजते.

नैसर्गिक आणि रासायनिक ही भिंतही आपण समजतो तेवढी पक्की नाही. १९५० च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतच्या एका समुद्री स्पंजात वेगळ्याच घडणीची न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनएच्या घटकांसारखी रसायने, सापडली. त्या घडणीवरून रसायनशास्त्रज्ञांना विषाणूविरोधी औषधांची वाट दिसली, आणि गर्ट्रूड एलियन यांच्या गटाचे अॅसायक्लोव्हिर त्याच वाटेवरचे. एलियन यांना १९८८ चे नोबेल मिळाले. हे औषध विषाणूच्या स्वतःच्या विकराने जागे होते, म्हणून निरोगी पेशींना त्याचा उपद्रव कमी. ओठाला मुंग्या येऊ लागताच या गटातली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर दुखणे साधारण एका दिवसाने आटोपते. फोड फुटल्यावर घेतली तर फायदा घटतो.

घरगुती उपायांत मला सर्वात भक्कम वाटतो तो ओठांना उन्हापासून जपण्याचा. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या प्रयोगात ३८ जणांच्या ओठांवर अतिनील किरण सोडले. नकली मलम लावले तेव्हा २७ जणांना फोड आले. सनस्क्रीन लावले तेव्हा एकालाही नाही. कावेरीच्या खोऱ्यात भरउन्हात भातलावणी करणाऱ्या बाईला डोक्यावरचा पदर पुरत नाही, कारण चिखलातल्या पाण्यावरूनही ऊन परावर्तित होते. ओठांना लावायचे सनस्क्रीन लायसिनच्या डबीपेक्षा तिच्या जास्त कामाचे.

फोड ओले असताना तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नका. नवजाताला हा विषाणू जिवावर बेततो. फोडाला हात लागला तर धुवा, डोळा चोळू नका. हा विषाणू बुबुळावर गेला तर तिथे फांद्या फुटलेल्या झाडासारखा व्रण पडतो आणि वरचेवर झाला तर दृष्टी जाते. अशा डोळ्यात घरात पडून असलेले स्टिरॉइडचे थेंब टाकले तर व्रण आणखी पसरतो. ओठावर फोड आणि डोळा लाल, उजेड सहन होत नाही, असे दिसले की मध, तूप, गोळ्या सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.