सुईचं टोक कुठे थांबतं?

५ ऑक्टोबर २००४ रोजी ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी लिव्हरपूलमधल्या कायरॉन कंपनीच्या लस-कारखान्याचा परवाना स्थगित केला. अमेरिकेने त्या हिवाळ्यासाठी हिशेबात धरलेली फ्लूची जवळजवळ निम्मी लस एका दिवसात हातची गेली. दंडातल्या स्नायूत अर्धा मिलिलीटर, त्यात विषाणूच्या प्रत्येक प्रकाराचं १५ मायक्रोग्रॅम प्रथिन, हे माप तोवर कुणी फारसं उकरून पाहत नव्हतं. आता पाहणं भाग पडलं.

त्याच नोव्हेंबरात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. पहिलीत १८ ते ४० वयाचे १०० निरोगी लोक होते. काहींना नेहमीप्रमाणे स्नायूत पूर्ण मात्रा दिली, काहींना कातडीत फक्त पाचवा हिस्सा. प्रतिपिंडं दोन्हीकडे तोडीस तोड! दुसऱ्या चाचणीत कातडीत ६ मायक्रोग्रॅम दिले. साठीच्या आतल्यांत तिथेही निभावलं. साठीपुढच्यांत मात्र एच३एन२ प्रकाराविरुद्ध स्नायूतली लस सरस ठरली.

कातडीत देणं आपल्याला नवं नाही. टीबीची मांटू चाचणी तशीच होते, बीसीजीही. सुई जवळजवळ आडवी धरायची, टोक जेमतेम आत सरकवायचं, वर छोटा फुगवटा उठला की हात बरोबर बसला. २०१६पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत तान्ह्या बाळांना पोलिओची इंजेक्शनची लसही अशीच, ०.१ मिलिलीटर, मिळू लागली. कातडीत पहारेकरी पेशींची दाटी असते. परका पदार्थ दिसला की त्या तो उचलून काखेतल्या गाठींपर्यंत पोचवतात. स्नायूत हा पहारा विरळ. म्हणून थोड्यात भागतं, असं स्पष्टीकरण दिलं जातं.

स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे, आणि तिथेच मी अडतो. या चाचण्यांत एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या: जागा आणि मात्रा. कमी मात्रा स्नायूतच दिली असती तर? हा गट दोन्हीकडे नव्हता. त्याच टंचाईच्या हंगामात वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयातल्या संशोधकांनी ती उणीव बऱ्यापैकी भरली. हजाराहून अधिक निरोगी प्रौढांना स्नायूतच अर्धी किंवा पूर्ण मात्रा दिली. पन्नाशीच्या आतल्यांत अर्ध्या मात्रेचा प्रतिसाद पूर्ण मात्रेच्या फार मागे नव्हता. शिवाय बायकांचा अर्ध्या मात्रेवरचा प्रतिसाद पुरुषांच्या पूर्ण मात्रेच्या तोडीचा निघाला. म्हणजे श्रेय सगळं कातडीचं नाही. मूळ माप तरुण, धडधाकट माणसासाठी आधीच सैल असावं. आणि या सगळ्या चाचण्यांनी मोजली ती रक्तातली प्रतिपिंडं. किती जण तापाने अंथरुणाला खिळले, हा हिशेब वेगळा.

पुढे कातडीतली लस बाजारातही आली. अमेरिकेत २०११मध्ये १८ ते ६४ वयोगटासाठी, दीड मिलिमीटरच्या इवल्या सुईसकट. मात्रा ९ मायक्रोग्रॅम, पाचवा हिस्सा नव्हे. सुई इवली, पण लाली, खाज आणि सूज स्नायूतल्या लशीपेक्षा जास्त. काही वर्षांत ती बंदही झाली. टंचाई सरली की कातडी कुणाला आठवते!

लस सुईशिवाय देण्याचाही एक मार्ग आहे, पण त्या बिनसुईच्या यंत्राचा इतिहास जरा डागाळलेला. दाबाने बारीक झोत मारणारी जुनी ‘जेट गन’ एकच तोंड एकामागून एक दंडांना लावत जायची. ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका दवाखान्यात अशाच यंत्रातून हिपॅटायटिस-बी पसरली. नव्या यंत्रांत प्रत्येकासाठी तोंड वेगळं आणि टाकाऊ. त्यातल्या एकाची कोलोराडोत १,२५० प्रौढांवर सुईशी तुलना झाली. निष्कर्ष २०१४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्रतिपिंडं सुईपेक्षा उणी नव्हती, दंडावरच्या तक्रारी मात्र जास्त होत्या. सुईला घाबरणाऱ्यांनी हे आधी ऐकलेलं बरं.

मग ऑगस्ट २०२२. अमेरिकेत एमपॉक्सची लस कमी पडली आणि कातडी पुन्हा आठवली. एका कुपीत पाच जण. लस द्यायची जागा ठरली कोपराखालचा हात. पण तिथे उठणारी खूण चारचौघांत दिसायची आणि लोक बिचकायचे. शेवटी खांद्याच्या किंवा पाठीच्या वरच्या भागाच्या कातडीत टोचायला परवानगी द्यावी लागली. सदऱ्याआड.