नमस्कार : बारा जानेवारीचे आणि रोजचे

दरवर्षी १२ जानेवारीस, स्वामी विवेकानंदांच्या जयंतीच्या दिवशी, मध्य प्रदेशातील शाळाशाळांच्या पटांगणांत सामूहिक सूर्यनमस्कार घातले जातात. पांढुर्णा व सौसर येथील विद्यार्थ्यांसही हे दृश्य परिचयाचे आहे. थंडीचा कडाका असतो, रांगा लागतात, आकाशवाणीवरील सूचनांबरोबर शेकडो हात एकदम वर जातात आणि पाहणाऱ्याच्या मनास उल्हास वाटतो. परंतु १३ जानेवारीस काय होते? पटांगण पुनः मोकळे होते आणि वर्षभर कोणासही सूर्याची आठवण राहत नाही. वर्षातून एकदा जेवून ज्याप्रमाणे कोणी पुष्ट होत नाही, त्याप्रमाणे वर्षातून एकदा नमस्कार घालून कोणी निरोगी होत नाही. म्हणून या व्यायामाचे खरे स्वरूप काय, त्यापासून लाभ कोणते व त्याच्या मर्यादा कोणत्या, हे विद्यार्थ्यांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

सूर्यनमस्काराचा आजच्या स्वरूपात प्रसार होण्याचे मोठे श्रेय एका मराठी संस्थानिकाकडे जाते. सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि नमस्कारांचे निष्ठावंत उपासक होते. त्यांनी स्वतः हा व्यायाम नेमाने केला, त्यावर ग्रंथ लिहिले आणि आपल्या संस्थानातील शाळांच्या रोजच्या कार्यक्रमात त्याला स्थान दिले. १९३८ साली लंडनमध्ये ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ या नावाने त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले व सातासमुद्रापलीकडील वाचकांस या व्यायामाची ओळख झाली. राजेसाहेबांच्या पद्धतीत दहा स्थिती होत्या. आज आपल्या शाळांतून शिकविली जाणारी पद्धत बहुधा बारा स्थितींची असते. संख्येत भेद असला तरी तत्त्व एकच आहे.

आपल्याकडे याच वृत्तीची दुसरी परंपराही जवळच आहे. वऱ्हाडात अमरावती येथे १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आखाड्यातील व्यायामास शिस्त व शास्त्र यांची जोड दिली. १९३६ साली या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची व व्यायामाची प्रात्यक्षिके करून दाखविली. सौसर तालुक्यातील जामसावळीचे हनुमान तर आपले सर्वांचे दैवत. तेथील मूर्ती पहुडलेल्या अवस्थेत आहे. परंतु देव पहुडले आहेत म्हणून भक्तांनीही उजाडेपर्यंत पहुडावे, असा त्याचा अर्थ कोणी करू नये!

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. हात जोडून सरळ उभे राहावे, ही पहिली स्थिती. श्वास घेत हात वर नेऊन किंचित मागे वाकावे; श्वास सोडत पुढे वाकून हात पायांजवळ टेकावे; श्वास घेत एक पाय मागे न्यावा व दृष्टी वर करावी; श्वास सोडत दुसराही पाय मागे नेऊन कंबर उचलावी, म्हणजे शरीराचा डोंगर होतो. यानंतर दोन पावले, दोन गुडघे, दोन तळहात, छाती व हनुवटी अशी आठ अंगे भूमीस टेकावीत. हाच साष्टांग नमस्कार. पुढे श्वास घेत छाती उचलून भुजंगासन करावे आणि आलो त्याच मार्गाने, एकेक स्थिती उलगडीत, पुनः उभे राहावे. सावकाश केल्यास एका नमस्कारास अर्धे ते पाऊण मिनिट लागते. साहित्य काही नको. एक सतरंजी व हात-पाय पसरण्याइतकी जागा पुरते.

या क्रमात मोठी युक्ती आहे. पाठीचा कणा एकदा मागे वाकतो की पुढच्या स्थितीत तो पुढे वाकतो. दोन मणक्यांच्या मधोमध ज्या मऊ चकत्या असतात, त्यांना मोठ्या मनुष्यात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आसपासच्या द्रवातून त्यांचे पोषण होते आणि दाब पडणे व सुटणे या क्रियेने त्यास साहाय्य मिळते. एकाच स्थितीत तासन् तास बसल्याने ही उघडझाप मंदावते. नमस्कारात पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा पायांतील रक्त हृदयाकडे ढकलले जाते. मनगटांवर व खांद्यांवर शरीराचा भार येतो. आणि ज्या वयात हाडे बळकट होत असतात, त्या तुमच्या वयात असा भार हितकर असतो.

येथे कोणी विचारील, आमच्या घरी शेत आहे, कष्ट आहेत, मग निराळ्या व्यायामाची गरज काय? प्रश्न रास्त आहे. संत्र्यांच्या बागेत तोडा करणारा, कापूस वेचणारी, पिकात निंदण करणारी, या सर्वांच्या कष्टांस आमचे वंदन आहे. परंतु कष्ट व व्यायाम एक नव्हेत. कष्टात काम जसे सांगेल तसे शरीर वाकते. निंदण करणारी माउली दिवसभर पुढेच वाकलेली असते, टोपले उचलणाऱ्याचा भार एकाच खांद्यावर येतो. व्यायामात शरीराची गरज पाहून हालचाल ठरते. जे अंग दिवसभर एका बाजूस वळले, त्याला दुसऱ्या बाजूस वळविणे हेच व्यायामाचे काम. वहीवर किंवा हातातील मोबाइलवर मान घालून बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही हाच न्याय लागू आहे.

तथापि नमस्काराचा सर्वांत सूक्ष्म लाभ स्नायूंचा नसून चित्ताचा आहे. या व्यायामात एक स्थिती संपून दुसरी कोठे सुरू झाली हे कळू नये. जाम नदीचे पाणी खडकास वळसा घालून जसे पुढे जाते, तसे शरीर पुढे जावे. हे साधण्यास लक्ष द्यावे लागते. श्वास कोठे घेतला, तळवा नीट टेकला की नाही, खांदा अकारण ताठला आहे काय, हे ज्याचे त्यालाच कळते. संथपणे श्वास सोडीत असता हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हा शरीराचा स्वाभाविक धर्म आहे; म्हणून श्वास व हालचाल यांची सांगड घातली की मनही निवते. चीन देशातील ताइची या व्यायामाचे मर्मही हेच. १९५६ साली तेथे सामान्य जनांसाठी त्याचा २४ हालचालींचा सोपा क्रम ठरविण्यात आला आणि २०२० साली युनेस्कोने त्यास मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. दूरच्या दोन देशांनी एकच गोष्ट ओळखली, की मन बाहेर ठेवून केलेली हालचाल ही केवळ कवाईत होय.

पांढुर्ण्याच्या मुलांस ही गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या जाम नदीवर गोटमार होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. परंपरेचा अभिमान आम्ही समजू शकतो. परंतु त्या दिवशी दरवर्षी कित्येक जण जखमी होतात आणि आजवर काहींनी प्राणही गमावले आहेत, हेही तितकेच खरे. वर्षानुवर्षे आईबापांनी जोपासलेले शरीर एका गोट्याने अधू होते. ज्याने आपले शरीर रोज लक्षपूर्वक घडविले, त्यास ते किती मोलाचे आहे हे उमगते. आणि समोरच्या काठावरील मुलाचे शरीरही तेवढेच मोलाचे आहे, हे ओळखणे मग अवघड जात नाही. जोर असणे ही अर्धी विद्या. तो आवरता येणे ही पुरी विद्या.

आता मर्यादांचा विचार करू, कारण अतिस्तुती हे अज्ञानाचेच एक रूप आहे. नमस्काराने सर्व रोग बरे होतात, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. औषधाच्या जागी औषधच हवे. ताप असता, दुखापत झाली असता किंवा शस्त्रक्रियेनंतर हा व्यायाम करू नये. हृदयाचा, पाठीचा अथवा दम्याचा विकार असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलींनी मासिक पाळीच्या दिवसांत आपल्या प्रकृतीस झेपेल तसे करावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. सूर्याची मित्र, रवी, भानू इत्यादी नावे उच्चारावयाची की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे; मौन राहून केलेल्या नमस्कारानेही कणा तितकाच वाकतो. आणि केवळ नमस्कारांवर भागत नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. जगातील ११ ते १७ वयाच्या दर पाच मुलांपैकी चार मुले पुरेशी हालचाल करीत नाहीत, असेही या संघटनेच्या अभ्यासकांस २०१६ सालापर्यंतच्या माहितीवरून आढळून आले. बारा नमस्कारांस जेमतेम सहा ते नऊ मिनिटे लागतात. म्हणून संध्याकाळचा खेळही हवाच. मुलींसाठी तर तो अधिकच हवा, कारण घरकामाच्या व्यापात त्यांच्या वाट्याचे मैदान बहुधा सर्वांत आधी जाते.

विद्यार्थी मित्रहो, प्रारंभ अल्प असावा. पहिल्या आठवड्यात रोज तीन नमस्कार पुरेत. जेवणानंतर लगेच करू नयेत. सकाळी रिकाम्या पोटी करणे उत्तम. दर आठवड्यास एक वाढवीत बारांपर्यंत जावे आणि तेथे काही महिने स्थिर राहावे. संख्येची चढाओढ करू नये. घाईने घातलेल्या पन्नासांपेक्षा नीट घातलेले पाच श्रेष्ठ. गुडघे वाकले, हात भूमीस पोहोचले नाहीत, तर खंत करू नये. शरीर हळूहळू ऐकू लागते.

पुढील १२ जानेवारीस पटांगणात रांगा लागतील, तेव्हा रोज नमस्कार घालणारा विद्यार्थी सूचनेची वाट पाहत उभा राहणार नाही, कारण पुढची स्थिती त्याच्या श्वासालाच ठाऊक असेल. असे विद्यार्थी प्रत्येक वर्गात निदान चार-पाच निघाले, तरी त्या दिवसाचा उत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.