काजव्याचा उजेड किती मंदावला

पहाटे ५
कंटेनरवर कंटेनर ठेवल्याचा ठण्ण आवाज आम्हाला झोपेतून उठवत नाही. तो थांबला की जाग येते. आमचं जुनं शेवा गाव बंदरासाठी उठलं, २६ मे १९८९ ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं, आणि माझ्यासारखी त्यानंतर जन्मलेली पोरं हा आवाज ऐकतच वाढली. मे संपत आलाय. १ जूनपासून मासेमारीबंदी, म्हणून आईने आतापासूनच सुकवलेल्या जवळ्यावर भर दिलाय. "डबा घेतलास का गो बाय?" हा प्रश्न ती मी दाराबाहेर पडल्यावरच विचारते.

सकाळी पावणेसात
भाऊ कंटेनर यार्डातली रात्रपाळी करून आलेला. तो मला बाइकवरून न्हावा शेवा स्टेशनला सोडतो. वाटेत ट्रेलरची रांग. "सापडला का तुझा चोर?" हे त्याचं रोजचंच.

चोर म्हणजे एपस्टाइन-बार विषाणू, तोंडी नाव ईबीव्ही. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात तो आयुष्यभर मुक्काम करून असतो. आत्ता या बाइकवर आम्ही दोघं आहोत, तर बहुधा दोघांच्याही. काही थोड्यांच्या बाबतीत तो बर्किट लिम्फोमा, नाकामागच्या घशाचा कर्करोग, जठराचे काही कर्करोग यांच्याशी जोडलेला सापडतो. त्यामुळे 'सापडला का' यापेक्षा 'आत बसून करतो काय' हे विचारायला हवं.

सकाळी ७ नंतर
उरण लोकल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, त्याआधी हाच प्रवास एसटी आणि सहाआसनी रिक्षांत व्हायचा. बेलापूरची गाडी मिळाली तर बरं, तिथून माझ्या प्रयोगशाळेचं खारघर पुढचंच स्टेशन. नेरूळची मिळाली तर उलटा फेरा.

खिडकीशी बसले की मी कालच्या नोंदी वाचते. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांची चिठ्ठी. तिच्यापासून प्रथिन बनत नाही. जनुकाचा निरोप घेऊन निघालेल्या लांब आरएनएच्या शेपटाशी ती जाऊन चिकटते आणि त्या निरोपावरून बनणारं प्रथिन कमी करते. चिकटण्यासाठी २२ पैकी दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं जुळली की बहुतेक काम होतं. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ मध्ये एका इवल्याशा कृमीत हे पाहिलं. नोबेल मिळायला २०२४ उजाडलं. विषाणूही अशा चिठ्ठ्या लिहितात हे २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात थॉमस टुश्ल यांच्या गटाने दाखवलं, आणि पहिला सापडलेला विषाणू हाच, ईबीव्ही. त्याच्या अशा ४४ चिठ्ठ्या आज ठाऊक आहेत.

वर्तमानपत्रात अधूनमधून 'कॅन्सरचं बटण सापडलं' असं छापून येतं. मला त्याचा राग येतो. बटण वगैरे काही नाही. एखादी चिठ्ठी एखादं प्रथिन थोडंसं कमी करते. थोडंसंच. आमचा सगळा दिवस ते 'थोडंसं' मोजण्यात जातो.

सव्वानऊ
इन्क्युबेटर उघडला आणि पेशी वाढवायचा एक फ्लास्क गढूळ दिसला.

डिसेंबर १९६३ मध्ये युगांडाहून लंडनला अँथनी एपस्टाइन यांच्याकडे गाठीचा एक नमुना निघाला होता. धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळलं. नमुना पोचला तेव्हा बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं. जंतू लागले म्हणून फेकून देण्याआधी त्यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी तरंगत होत्या. त्या तशाच वाढवायच्या हे त्यावरून सुचलं आणि १९६४ मध्ये विषाणू दिसला. म्हणून मीही एक थेंब धरला. जंतूच होते. शुक्रवारी घाईत मीच झाकण नीट लावलं नसणार. ब्लीच ओतलं, इन्क्युबेटर पुसून काढला, वहीत लिहिलं. पाऊण तास गेला.

साडेदहा
आरएनए काढायचा. आपल्या बोटांवरच तो खाऊन टाकणारी प्रथिनं असतात, म्हणून हातमोजे, नवीन टिप, आणि बर्फ. बर्फ मी मूठ भरून चेपून बसवते तेव्हा इथले लोक हसतात. कोळणीची मुलगी आहे, मासा असो की आरएनए, बर्फ कसा भरायचा हे मला कुणी शिकवायला नको.

आज मेणात बसवलेले जुने ठोकळेही आहेत. रुग्णाच्या गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमधून काढून मेणात ठेवलेला. त्यातला लांब आरएनए वर्षानुवर्षं पडून तुटतो, पण मायक्रोआरएनए बऱ्यापैकी शाबूत मिळतो, कारण तो मुळातच एवढासा. पापलेट टिकत नाही, जवळा टिकतो.

दुपारी १
डबा उघडला की टेबलावरचे निम्मे लोक सरकतात. नागालँडची मैत्रीण मात्र जवळ येते. नाकामागच्या घशाचा कर्करोग भारतात इतरत्र विरळ, तिच्या राज्यात खूप. त्या गाठींच्या पेशींत ईबीव्हीची 'बार्ट' नावाची चिठ्ठ्यांची टोळी भरभरून सापडते. पण विषाणू घराघरांत असून आजार काही ठरावीक भागांतच का? वंश, धूर, खाणं, सगळ्याचाच वाटा धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने चिनी पद्धतीचा खारवलेला मासा कर्करोगकारक ठरवलाय. हे ती मला माझा जवळा खाता खाता सांगते. आमच्या जवळ्याची कृती वेगळी आहे, असं मी दर वेळी ठणकावते. मग दोघी डबा संपवतो.

दुपारी ३
आजचं मुख्य काम. पेशी मारणारं पुमा नावाचं एक प्रथिन आपल्याकडे असतं. पेशी बिघडली की ते तिला आत्मनाशाकडे ढकलतं. ईबीव्हीची बार्ट-५ ही चिठ्ठी पुमा कमी करते, हे २००८ मध्ये छापून आलंय. बिघडलेली पेशी त्यामुळे मरता मरता राहते. आमच्याकडे नवीन आलेल्यांचा हात याच प्रयोगावर बसवतात.

पुमाच्या निरोपाचं शेपूट काजव्याच्या उजेडाच्या जनुकाला जोडायचं आणि ते पेशींत सोडायचं. चिठ्ठी शेपटाला चिकटली तर उजेड मंदावतो. पेशी कमी-जास्त पडल्या म्हणून फसगत होऊ नये यासाठी सोबत दुसरा उजेड, रेनिला या समुद्री जीवाचा. त्याला शेपूट जोडलेलं नसतं. काजव्याच्या आकड्याला रेनिलाच्या आकड्याने भागायचं. हे आईला सांगितलं तेव्हा तिला काजव्यात रस नव्हता. समुद्रातला तो कोण, जाळ्यात येतो का, एवढंच तिने विचारलं.

छोट्या छोट्या घरांची प्लेट उजेड मोजणाऱ्या यंत्रात गेली. चिठ्ठी टाकलेल्या घरांत उजेड मंदावला, पण निम्म्यावरही नाही आला. शेपटाची अक्षरं मुद्दाम बदललेल्या घरांत पुन्हा पहिल्यासारखा. म्हणजे चिकटण्याची जागा तीच. एका घराचा आकडा मात्र भलताच वर. तो खोडायचा मोह होतो. खोडत नाही.

संध्याकाळी साडेसहा
परतीच्या गाडीत उभीच. खाडीपलीकडे अटल सेतू.

रात्री ९
भाऊ पाळीवर निघण्याआधी जेवतोय. "पण शरीराला स्कॅनर नाही का? आमच्याकडे कंटेनर स्कॅनमधून जातो." आहे ना. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर टांगते, पहारेकरी टी पेशी ते तपासतात. परकं प्रथिन दिसलं की पेशी मारली. पण चिठ्ठीचं प्रथिनच होत नाही, मग टांगणार काय? वर आणखी एक. संकटातली पेशी एमआयसीबी नावाचं निशाण वर करते, ते पाहून मारेकरी एनके पेशी धावतात. ईबीव्हीची एक चिठ्ठी ते निशाणच अर्धवट खाली ओढते. त्याचे नातेवाईक असलेले आणखी दोन विषाणू, सायटोमेगालो आणि कापोसी सार्कोमाचा, त्यांच्याही चिठ्ठ्या याच निशाणावर नेम धरतात. तिघांच्या चिठ्ठ्यांची अक्षरं वेगवेगळी, नेम एकच. कापोसीवाल्याने तर आपल्या पेशींची स्वतःची १५५ क्रमांकाची चिठ्ठी जवळजवळ नक्कल करून ठेवलीय.

भाऊ घास थांबवून म्हणाला, "म्हणजे सील आपलंच, माल त्याचा." एवढं नेमकं मला अजून कुठल्या सेमिनारात ऐकायला मिळालेलं नाही.

तो गेला. मी वहीत उद्याचं लिहिलं: नवीन फ्लास्क, झाकण तपासणे, पेशी पेरणे. काजव्याची प्लेट गुरुवारी पुन्हा. तीनदा तोच आकडा आल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही.